ऊदची पहिली बाटली घेण्याआधी

मला ऊद, म्हणजे एका सुगंधी लाकडाचं अत्तर, पहिल्यांदा लावला तो मोहम्मद अली रोडवरच्या एका अत्तरवाल्याने. रमजानचे दिवस, आम्ही चार मित्र मिनारा मशिदीजवळ खायला गेलेलो, मालपुवा येईपर्यंत वेळ होता म्हणून मी उगाच एका दुकानात डोकावलो. त्याने काचेची कांडी माझ्या मनगटावर टेकवली, म्हणाला "असली हिंदी है", म्हणजे आसामकडचा ऊद, मी नाक जवळ नेलं आणि मला सरळ आमच्या गावचा गोठा आठवला. खोटं नाही सांगत. ओलं गवत, शेण, जनावराची गरम पाठ आणि त्यात कुठेतरी नव्याकोऱ्या कोल्हापुरी चपलेचं कातडं. डोंबिवलीपर्यंतच्या लोकलमध्ये शेजारचा माणूस दोनदा माझ्याकडे आणि एकदा स्वतःच्या बुटाच्या तळव्याकडे बघून घेत होता. घरी येऊन साबणाने तीनदा हात धुतला, वास तसाच. वैतागून झोपलो.

सकाळी उठलो तर हात उशीखाली होता, बाहेर काढला आणि खोलीत कोणीतरी आजीची जुनी लाकडी पेटी उघडल्यासारखं झालं. गोडसर, धुरकट, मधाचा किंचित भास, लाकूड, शालूची घडी. तोच थेंब, तोच हात. गोठा कुठे गेला कळलंच नाही.

तेव्हापासून हा नाद लागलाय. आता कोणी विचारलं की ऊद घ्यायचाय कुठून सुरुवात करू, तर मी आधी एकच सांगतो, पहिल्या पंधरा मिनिटांत निकाल लावू नका, चांगला म्हणूनही नाही आणि वाईट म्हणूनही नाही. बाकीचं खाली पायरीपायरीने लिहितोय, पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत, सांभाळून.

पायरी शून्य : नावाचा घोळ

ऊद हा अरबी शब्द, अर्थ लाकूड, काठी. त्याच नावाचं एक तंतुवाद्य पण आहे, त्यामुळे यूट्यूबवर शोधलंत तर आधी गाणी येतील. आपल्या उदबत्तीतला उद तो हाच. आणि अगरबत्तीतला अगर म्हणजे संस्कृतातला अगुरु, तेही हेच लाकूड. म्हणजे रोज देवासमोर लावतो त्या काडीची दोन्ही नावं एकाच झाडावरून आलीत आणि काडीत बहुतेकदा त्या झाडाचा कणही नसतो, कोळशाची पूड, जिगट नावाची चिकट पूड आणि वरून मारलेला सेंट, बस.

पण पूजेच्या सामानाच्या दुकानात जाऊन "ऊद द्या" म्हणाल तर तो राळेचे खडे देईल, संध्याकाळी निखाऱ्यावर टाकायचे ते, बाळ-बाळंतिणीला धुरी द्यायचे ते. लोबानच्या जातीचं ते प्रकरण, वेगळ्या झाडाचा डिंक. वास सुंदर असतो, माझा अजिबात राग नाही, पण आपण बोलतोय तो ऊद तो नव्हे. माझी आई अजूनही दोन्हीला ऊदच म्हणते आणि मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

आपला ऊद येतो अक्विलेरिया नावाच्या झाडांपासून. आसाम, बांगलादेश, थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम, मलेशिया, इंडोनेशिया हा त्यांचा पट्टा. आसामात या झाडाला साची म्हणतात, त्याच्या सालीवर जुन्या पोथ्या लिहायचे, त्यांना साचीपात म्हणतात. आता गंमत अशी की निरोगी झाडाच्या लाकडाला ना रंग ना वास, पांढुरकं, हलकं, जळणाच्याही लायकीचं नाही. झाडाला जखम झाली, अळीने खोड पोखरलं, त्यातून बुरशी आत शिरली, की झाड स्वतःला वाचवायला त्या जागी काळपट राळ भरत जातं, वर्षानुवर्षं. ती राळ भरलेलं लाकूड म्हणजे ऊद. म्हणजे आपण लावतो ते झाडाचं दुखणं आहे म्हणा ना. राळ जास्त भरली की लाकूड इतकं जड होतं की पाण्यात बुडतं, चिनी भाषेत याला चेनश्यांग आणि जपानीत जिंको म्हणतात, दोन्हीचा अर्थ बुडणारा सुगंध.

महाग का ते इथेच कळतं. जंगलातल्या प्रत्येक झाडात राळ नसते, आणि बाहेरून पक्कं सांगता येत नाही, त्यामुळे लोक अंदाजाने झाडं तोडत सुटले. आसामातली जी जात आहे, अक्विलेरिया मलाक्केन्सिस, तिचं नाव १९९५ पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, २००५ पासून सगळी अक्विलेरियाच त्यात आली. आज बाजारातला बराच माल लागवडीच्या झाडांचा, खोडात भोकं पाडून मुद्दाम बुरशी सोडतात आणि वाट बघतात. आसामात होजाई हे या धंद्याचं गाव, अजमल या परफ्यूमवाल्या घराण्याची मुळं तिथलीच, १९५० च्या आसपास तिथून मुंबईत आले आणि पुढे दुबई.

पायरी पहिली : पैसे न घालवता नाक तयार करा

ही पायरी कोणी सांगत नाही, आणि मला विचाराल तर हीच सगळ्यात कामाची आहे.

काष्ठौषधींच्या दुकानात जा, नागरमोथ्याची पूड घ्या, पन्नासेक ग्रॅम बास. दिवाळीच्या उटण्यात असतो तोच नागरमोथा. कोमट पाण्यात चमचाभर कालवा आणि वास घ्या, मातकट, लाकडी, किंचित धुरकट, तळाशी थोडा कातड्यासारखा. आता हे ऐका, स्प्रेच्या बाटलीत जो "ऊद" म्हणून येतो तो बनवायला परफ्यूमवाले याच नागरमोथ्याचं तेल सर्रास वापरतात. म्हणजे नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर कुडकुडत बसलेलं असताना आपण अर्धा ऊद हुंगलेला असतो. माझ्या बायकोला पहिल्यांदा एक अरबी स्प्रे दिला तर ती म्हणाली "अरे, हा अभ्यंगस्नानाचा वास", मी तेव्हा हसलो, पण नाक तिचंच बरोबर होतं.

मग घरातल्या इतर वस्तू. केशराच्या दोन काड्या तळहातावर चोळा, कारण ऊदच्या परफ्यूममध्ये केशराचा तो कडवट-चामडी वास खूपदा जोडीला असतो. नवी कोल्हापुरी चप्पल, हो, हुंगा, कोणी बघत नाही. काळ्या मनुका, खजूर, फणसाचा पिकून ओघळायला आलेला गरा. कापूर. जुन्या शिसवी कपाटाचा खण. गुलाबपाकळ्या सुकवलेल्या. आठवडाभर जमेल तसं हे करा आणि प्रत्येकाला आपल्या मनात एक नाव देऊन ठेवा. दुकानात गेल्यावर विक्रेता "वुडी, अॅनिमॅलिक, बाल्समिक" म्हणायला लागला की आपल्याकडे आपले शब्द तयार पाहिजेत, नाहीतर त्याचेच शब्द आपण हुंगत बसतो.

पायरी दुसरी : काय काय मिळतं ते समजून घ्या

लाकडाचे तुकडे, जाळायला. तेल, अंगाला लावायला, याला देहन अल ऊद म्हणतात, दुकानात लोक देहनल ऊद किंवा नुसतं "ऊद का तेल" म्हणतात. बखूर, म्हणजे ऊदचा भुगा किंवा साधं लाकूड सुगंधी तेलात, साखरेत, गुलाब-कस्तुरीच्या मसाल्यात मुरवून केलेल्या वड्या, त्याही जाळायला. मुखल्लत, म्हणजे ऊदमध्ये गुलाब, केशर, अंबर वगैरे मिसळलेलं तेल. आणि मग स्प्रे, ज्याच्या नावात ऊद असतो आणि बाटलीत बहुतेकदा नसतो.

स्प्रेचं जरा सांगतो. पश्चिमेकडच्या मोठ्या ब्रँडमध्ये ऊद शिरला तो २००२ साली इव्ह सँ लोराँच्या एम सेव्हनने, तेव्हा लोकांना झेपला नाही, मग २००७ मध्ये टॉम फोर्डचा ऊद वुड आला आणि त्यानंतर जो तो ऊद काढत सुटला. एवढ्या बाटल्या भरायला खरं तेल जगात नाहीये. त्यामुळे प्रयोगशाळेत बनवलेले ऊदचे बेस, नागरमोथा, पचौली, गुग्गुळासारख्या राळा असं मिळून ऊदचा देखावा उभा करतात. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, बटाटावड्यात वड असतो का, नाही ना, तसं. फक्त आपल्याला माहीत पाहिजे की आपण लाकूड हुंगतोय की लाकडाचं चित्र. कृत्रिम ऊद ओळखायची माझी खूण, तो तासन् तास सरळ रेषेत चालतो, सकाळी जसा तसाच संध्याकाळी, आणि जरा बँडेज-आयोडीनसारखा टोचतो. खरं तेल दर तासाला तोंड फिरवतं.

नवख्या माणसाने स्प्रेपासून सुरुवात केली तर काही बिघडत नाही. लताफा, रसासी, अजमल, स्विस अरेबियन, अल हरमैन असल्यांचे स्प्रे परवडतात, ऑफिसात चालतात. फक्त ते व्हॅनिला-साखर घातलेले ऊद असतात ना, गोड गोड, ते आवडले म्हणून आपल्याला ऊद आवडतो असं समजू नका. ते वाईट नसतं, पण तो शिरा आहे.

पायरी तिसरी : दुकानात

जाताना अंगाला काही लावू नका, डिओ पण नको. पोटभर जेवून, मसाला पान खाऊन जाऊ नका. दुपारी जा, संध्याकाळी गर्दी असते आणि अत्तरवाल्याला वेळ नसतो.

एका खेपेला तीन तेलं, जास्तीत जास्त चार. त्यापुढे नाक बसतं आणि सगळं सारखंच यायला लागतं. कॉफीच्या बिया हुंगायला देतात त्याचा मला तरी काही उपयोग वाटत नाही, स्वतःच्या शर्टाची कोपराजवळची बाही हुंगा, नाक जागेवर येतं. कागदाच्या पट्टीवर तेल नीट खुलत नाही, त्याला अंगाची ऊब लागते, म्हणून एक मनगटावर, दुसरं दुसऱ्या मनगटावर, तिसरं कोपराच्या आत, आणि कुठे काय लावलं ते फोनमध्ये टाइप करून ठेवा, कारण तासाभरात विसरायला होतं, मी दोनदा विसरलोय आणि एकदा भलतंच घेऊन आलोय.

मग दुकानातून बाहेर पडा. हे अवघड जातं मला माहितीये, समोर माणूस गोड बोलतोय, चहा पण मागवलाय, कांडी हातावर फिरवताना "देखिए भाई, खुशबू कैसे बैठती है" म्हणतोय. "शामको आता हूँ" म्हणा आणि निघा. क्रॉफर्ड मार्केटमध्ये फिरा, काम करा, पंधरा मिनिटांनी एकदा, तासाने एकदा, चार तासांनी एकदा हुंगा. खरा निकाल चौथ्या तासाला. रात्री झोपताना जो वास आवडेल तो आपला. दुसऱ्या दिवशी जाऊन घ्या, दुकान कुठे पळून जात नाही.

आणि घ्यायचं तर पाव तोळा. अत्तराचा हिशोब अजून तोळ्यात चालतो, दुकानात बारा एमएलच्या बाटलीला एक तोळा म्हणतात, तीन एमएल म्हणजे पाव. कांडीने लावलात तर तीन एमएल कित्येक महिने पुरतं. स्प्रेचं पण तसंच, अख्खी बाटली घेण्याआधी पाच-दहा एमएलचं डिकँट, म्हणजे मोठ्या बाटलीतून काढून दिलेली छोटी बाटली, मिळतं ते घ्या.

पायरी चौथी : ऊदचे स्वभाव

मुळात ऊद हा एक वास नाहीये. आंबा म्हटल्यावर हापूस की पायरी की रायवळ विचारावं लागतं तसं इथे कुठला ते विचारायचं. नावं देशांवरून पडलीत पण आता ती देशापेक्षा धाटणी जास्त सांगतात, कंबोडी लिहिलेलं तेल थायलंडच्या बागेतलंही असतं.

हिंदी म्हणजे आपला, आसामकडचा. तोच तो गोठा. हा वास लाकडात जितका असतो तितकाच पद्धतीत असतो, कारण ऊर्ध्वपातनाआधी लाकडाचा चुरा पाण्यात भिजत घालतात, काही दिवस, कधी काही आठवडे, तो आंबतो, आणि मग डेगमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात, कित्येक दिवस मंद आचेवर तेल काढतात. आंबवण्याने ती जनावरी, चीजसारखी, शेणखतासारखी बाजू येते. अरब लोक यावर जीव टाकतात, जितका आंबूस तितका खानदानी. पहिल्या अर्ध्या तासात हा माणूस दारात उभा राहून शिव्या घालतो, नंतर आत येऊन शांत बसतो आणि मग कातडं, तंबाखू, गूळ, सुकं गवत असं एकेक बोलायला लागतो. डाळीला शिळेपणा आला की सुटतो तो आंबूसपणा वेगळा आणि हा वेगळा, सुरुवातीला सारखेच वाटतात. सुक्या बोंबलाचं कालवण आवडणाऱ्यांना हिंदी लवकर आवडतो असं माझं एक निरीक्षण आहे, याला शास्त्राचा आधार शून्य.

कंबोडी गोड. पिकलेली मनुका, खजूर, अंजीर, थोडा फणस, मागे लाकूड. नवख्याने तेलात इथूनच सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे, हिंदीपासून नको, माझ्यासारखं लोकलमध्ये बदनाम व्हाल. थायलंडच्या त्रातकडचे पण साधारण याच घरातले.

बोर्नियोचा हलका, हवेशीर, ताजं रंधलेलं लाकूड, जरासा कापूर-पुदिना, तळाशी व्हॅनिलासारखी गोडी. सुताराच्या दुकानावरून जाताना येतो ना तसा. ऑफिसला तेलच लावायचं असेल तर हा लावा.

व्हिएतनाम, पापुआ, श्रीलंका अशी अजून बरीच आहेत, पण ते वर्षभराने. आत्ताच सगळं हुंगायला गेलात तर डोक्यात खिचडी होईल.

मिश्रणात सगळ्यात जुनी जोडी गुलाब आणि ऊद. गुलाब ऊदला माणसात आणतो आणि ऊद गुलाबाला पूजेच्या ताटातून उचलतो. आपल्याकडे लग्नात अत्तरदाणीतला तो गुलाब हुंगून ज्यांना गुलाबाचाच कंटाळा आलाय त्यांनी एकदा गुलाब-ऊदचा मुखल्लत लावून बघा. केशर-कातडं-ऊद ही दुसरी जोडी, जरा रुबाबदार, थंडीत छान. आणि कस्तुरी-ऊद म्हणजे पांढऱ्या मस्कमध्ये चिमूटभर ऊद, धुतलेल्या कपड्यासारखा, ज्यांच्या घरात कोणाचा तरी विरोध आहे त्यांच्यासाठी.

पायरी पाचवी : फसायचं कसं टाळायचं

मी फसलो ते सांगतो. एका शहरातल्या एका दुकानात, नाव नको, "प्युअर आसामी" म्हणून अर्धा तोळा तेल आणि सोबत पन्नास ग्रॅम लाकूड घेतलं, भाव ऐकून मला वाटलं आपण घासाघीस भारी केली. तेल दोन तासात गायब आणि मनगटावर नुसता चिकट थर. लाकूड निखाऱ्यावर ठेवलं तर आधी स्वस्त सेंटचा भपकारा आणि मग शेकोटी. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, तेही शब्दशः, कारण धुपाटणं त्याच दिवशी घेतलं होतं.

तर खुणा. पहिली, भाव. खरं ऊदचं तेल तोळ्याला हजारांत जातं, चांगलं असेल तर कित्येक हजारांत. दोन-तीनशे रुपयांच्या रोल-ऑनवर "प्युअर ऊद" लिहिलं असेल तर ते परफ्यूम ऑइल आहे, आवडलं तर खुशाल लावा, फक्त प्युअर समजू नका. दुसरी, टिकणं आणि बदलणं. खरा थेंब रात्रभर टिकतो आणि वाटेत वेश बदलतो. तिसरी, लाकूड. राळ असलेला तुकडा तापला की त्यातून बारीक बुडबुडे येतात, राळ पाझरताना दिसते, धूर मऊ असतो, घशाला खवखवत नाही. रंग लावलेला किंवा तेलात बुडवलेला तुकडा आधी ओरडतो आणि मग जळक्या फळकुटासारखा येतो. काळाकुळकुळीत आणि एकसारखा दिसणारा माल बघितला की मी लांब राहतो, खऱ्या तुकड्यात राळेच्या शिरा असतात, मध्ये फिकट लाकूड असतं.

पाण्यात टाकून बघा, बुडला की अस्सल, असं कोणी सांगेल. बुडणारं लाकूड उत्तम असतं हे खरं, पण बुडवायची सोय करणारेही आहेत, वजन भरतात. आणि न बुडणाऱ्यात चांगला ऊद भरपूर असतो. फ्रीजमध्ये ठेवून बघा, कागदावर डाग बघा, असल्या परीक्षांवरही मी विसंबत नाही. त्यापेक्षा एकच दुकान धरा, थोडं थोडं घ्या, दोन-तीन खेपांनी माणूस ओळखायला लागला की मागच्या कपाटातली बाटली आपोआप पुढे येते.

पायरी सहावी : लावायचं कसं

तेल असेल तर मोहरीएवढा थेंब. खरंच मोहरीएवढा. कांडीचं टोक टेकवा, पुसू नका. कानामागे एक, किंवा छातीवर शर्टाच्या आत एक, आणि थांबा. मनगटावर मनगट घासायची सवय असते सगळ्यांना, गरज नसते, नुसतं टेकवा. पांढऱ्या झब्ब्याला लावाल तर पिवळा-तपकिरी डाग पडेल आणि तो धोब्याच्या बापाला जाणार नाही, कपड्याला लावायचं तर गडद कपड्याला, बाहीच्या आतून. जुन्या माणसांसारखा कापसाचा फाया करून कानात ठेवला तरी चालतो, तसे काका आता फारसे दिसत नाहीत, पण उपाय पक्का आहे.

बाहेर पडायच्या अर्धा-पाऊण तास आधी लावा म्हणजे गोठा घरातच संपतो. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आत थेंब लावून एक दिवस जाऊ द्या, खाज-लाली आली तर तेल थेट अंगाला नको. घरात कोणाला दमा असेल तर त्याचं आधी बघा, आपला शौक नंतर.

हवेचं बघा. मुंबईतल्या मे महिन्यात ऊद दुप्पट सुटतो, घामात मिसळतो, तेव्हा बोर्नियो किंवा हलका स्प्रे, एकच फवारा. पावसाळ्यात भिजलेल्या कपड्यांवर हिंदी लावू नका, आधीच लोकलच्या डब्यात ओल्या छत्र्या असतात, त्यात तुम्ही. पुणे-नाशिककडची डिसेंबरची थंडी ही ऊदची खरी हवा, स्वेटरला धरून बसतो. आणि ऑफिसच्या एसी मीटिंगमध्ये दोन फवारे मारून जाणाऱ्याबद्दल लोक तोंडावर काही बोलत नाहीत, मागे बोलतात. स्वतःला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा मारू नका, आपलं नाक सरावलेलं असतं, समोरच्याचं नसतं.

पायरी सातवी : जाळायचा असेल तर

आपल्याकडचं पितळी धुपाटणं चालतं. तळाशी राख किंवा वाळू घाला, वर कोळशाची गोल वडी मिळते ती चिमट्यात धरून पेटवा, तडतडून होईपर्यंत थांबा आणि वर राखाडी साय धरली की मगच लाकूड ठेवा. नखाएवढा तुकडा बास. थेट लाल निखाऱ्यावर ठेवलात तर सगळा एका मिनिटात जळून जाईल, राळ तापायला हवी, लाकूड पेटायला नको. मी निखाऱ्यावर राखेचा पातळ थर देतो आणि तुकडा कडेला ठेवतो, धूर जवळजवळ दिसतच नाही पण दहा मिनिटांत घर भरतं. खिडकी थोडी उघडी ठेवा, कोळसा आहे तो. हे सगळं झंझट वाटत असेल तर विजेवर चालणारं बर्नर मिळतं, बखूरला ते पुरे होतं.

माझा मावसभाऊ शारजात असतो, तो सांगतो तिकडे जेवण झालं, गप्पा झाल्या, की धुपाटणं फिरतं, ज्याला ते मबखरा म्हणतात, पाहुणे अंगरख्यात, डोक्यावरच्या रुमालात धूर घेतात आणि उठतात. त्यांच्यात म्हणच आहे, ऊद आला की मग बसणं नाही. आपल्याकडे अत्तर-गुलाब आणि पानसुपारी झाली की लोक चपला शोधायला लागतात तसंच. आमच्याकडे मात्र मी एकदा दिवाळीत पाहुण्यांसमोर ऊद फिरवला तर कोणी उठलं नाही, उलट अजून एक चहा झाला.

उरलेलं

बाटली अंधारात ठेवा, बाथरूममध्ये नको, खिडकीत नको, गाडीच्या डॅशबोर्डवर तर अजिबात नको. तेल घट्ट झालं तर तळहातात धरून बसा दोन मिनिटं, गॅसवर धरू नका. खरं तेल वर्षागणिक मुरतं, आज बोचणारा हिंदी दोन वर्षांनी मऊ होतो, म्हणून नाही आवडला तरी टाकू नका, मागच्या खणात सरकवा. आणि कांडी एका बाटलीतली दुसरीत न पुसता घालू नका, माझा एक बोर्नियो असाच गोठ्यात गेला.

दुबईहून येणारं कोणी "काय आणू" विचारलं तर लाकूड सांगताना जरा विचार करा, साइट्सचा माल आहे. कराराने प्रवाशाच्या वैयक्तिक सामानात एक किलोपर्यंत लाकूड आणि चोवीस एमएलपर्यंत तेल अशी सूट ठेवलीये, पण प्रत्येक देश त्याहून कडक नियम करू शकतो, तेव्हा निघण्याआधी कस्टमचं बघून घ्या आणि दुकानाचं बिल सोबत ठेवा. माझ्या मावसभावाला मी दर वेळी तीन एमएलची एकच बाटली सांगतो, कंबोडी, आणि तो दर वेळी खजूरच आणतो.